बोटीवरचे पॉइंट आणि खिशातले पैसे

जुलै-ऑगस्टच्या क्रूझचे उरलेले पैसे भरायची वेळ एप्रिल-मेमध्ये येते, आणि त्याच सुमाराला क्रेडिट कार्डच्या पॉइंटांबद्दलची पत्रं वाढतात. यंदाची बहुतेक पत्रं अमेरिकेतल्या मराठी घरांतून आली आहेत. मी स्वतः कार्डांच्या खात्यात नोकरी केलेली असल्यामुळे ही पत्रं वाचताना हात आपोआप कागद-पेन्सिलीकडे जातो. म्हणून आज आकडेमोड थोडी जास्त आहे.

प्रश्न : ताई, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. जुलैत आम्ही दोघं आणि मुलं बेयॉनच्या केप लिबर्टी बंदरातून सात रात्रींच्या क्रूझला निघतोय. क्रूझ कंपनीच्या नावाच्या कार्डावर १८,००० पॉइंट साठलेत. बोटीवर खर्चायचं क्रेडिट, भाड्यात सूट, वस्तू असे पर्याय दिसतात. सगळ्यात जास्त किंमत कशात वसूल होईल?

उत्तर : आधी प्रत्येक पर्यायाचे डॉलर काढा आणि त्यांना १८,०००ने भागा. क्रूझ कंपन्यांच्या कार्डांवर भाड्यातली सूट आणि बोटीवरचं क्रेडिट बहुधा पॉइंटामागे एक सेंट या दराने मिळतं, म्हणजे तुमचे १८० डॉलर. वस्तूंच्या यादीत हाच दर खाली घसरतो. एखादी बॅग किंवा हेडफोन दिसला, तर तीच वस्तू दुकानात केवढ्याला मिळते ते पाहा आणि मग भागाकार करा. वस्तूंचा नाद तिथेच सुटेल.

आता सूट की क्रेडिट? दोन्हीकडे १८० डॉलरच मिळणार असतील, तर मी सूट घेईन. भाडं तुम्ही भरणारच आहात, त्यामुळे तिथे वाचलेला प्रत्येक डॉलर खरोखर खिशात राहतो. बोटीवरच्या क्रेडिटचं तसं नाही. ते हातात आलं की माणूस एरवी ज्यासाठी पाकीट उघडलं नसतं ते घेतो. चौथ्या दिवशी स्पा, पाचव्या दिवशी फोटोंचा संच, आणि घरी आल्यावर वाटतं की सगळं फुकटात झालं. ते तुमच्याच वर्षभराच्या खर्चातून आलेले पैसे होते. पॉइंटाची किंमत मी एकाच कसोटीवर ठरवते : तो नसता तर हे पैसे मी रोख दिले असते का?

भाडं पूर्ण भरून झालं असेल आणि क्रेडिटच घ्यायचं असेल, तर त्याला टीपच्या कामाला लावा. बहुतेक मोठ्या कंपन्या नोकरवर्गाची टीप माणशी रोज आकारतात. साध्या केबिनला हा आकडा साधारण १६ ते २० डॉलरच्या दरम्यान असतो, आणि तो मुलांनाही लागतो. १८ डॉलर धरले तर चार माणसांचे सात दिवसांचे ५०४ डॉलर झाले. ही टीप आधी भरलेली नसेल तर ती रोज तुमच्या केबिनच्या खात्यावर चढते, आणि क्रेडिट तिच्यातून वळतं होतं. म्हणजे १८० डॉलर न चुकणाऱ्या खर्चात गेले, वाया काहीच गेलं नाही. पुष्कळ जण मात्र टीप आधीच भरून टाकतात. मग बोटीवर क्रेडिट मोकळं राहतं आणि दुकानं समोर असतात. आधी भरण्याचा एक फायदा जरूर आहे, मधल्या काळात टीपचा दर वाढला तर तुम्हाला जुनाच दर लागतो. पण तुमच्याकडे क्रेडिट असताना तेवढ्यासाठी घाई करू नये असं माझं मत. तुमच्या कंपनीचं क्रेडिट टीपला चालतं ना, एवढं फोनवर विचारून घ्या. कॅसिनोत ते सहसा चालत नाही.

इंटरनेट किंवा पेयांचं पॅकेज घेणार असाल तर ते निघण्यापूर्वी वेबसाइटवरून घ्या. तिथे सवलती येत-जात असतात आणि बोटीवरचा दर त्याहून चढा असतो. बोटीवर मिळणारं क्रेडिट या आगाऊ खरेदीला बहुधा लागत नाही. त्यामुळे 'क्रेडिट आहे ना, बोटीवर गेल्यावर बघू' म्हणून थांबलात, तर पॉइंटांतून मिळालेला फायदा त्या वाढीव दरातच जातो.

आणि हे क्रेडिट परत मिळणारं आहे की न मिळणारं, ते तपासा. न मिळणारं असेल तर शेवटच्या रात्री खात्यावर जे उरेल ते बुडतं. आदल्या संध्याकाळी केबिनमधल्या टीव्हीवर किंवा कंपनीच्या अ‍ॅपवर शिल्लक बघायला विसरू नका.

प्रश्न : ह्यूस्टनला राहतो. गॅल्व्हेस्टनहून दरवर्षी एक तरी क्रूझ होतेच. मागच्या वेळी बोटीवरच टेबल मांडून कंपनीचं कार्ड देत होते. वार्षिक फी नाही, क्रूझच्या खर्चावर दुप्पट पॉइंट. घ्यावं का? बायको म्हणते घे, मी घुटमळतोय.

उत्तर : तुमच्या घुटमळण्याला आधार आहे. वहिनींचं म्हणणंही एका अटीवर बरोबर ठरू शकतं, ते पुढे सांगते.

समजा वर्षाला तुमच्या घराचा २४,००० डॉलर खर्च कार्डावर होतो आणि त्यातले ४,००० क्रूझचे. कंपनीच्या कार्डावर क्रूझला डॉलरमागे दोन पॉइंट आणि बाकी सगळीकडे एक, म्हणजे ८,००० आणि २०,००० मिळून २८,००० पॉइंट. त्यांचे २८० डॉलर, तेही त्या कंपनीकडेच वापरायचे. आता सगळ्या खर्चावर सरसकट दोन टक्के रोख परत देणारं साधं कार्ड घ्या. सिटी डबल कॅश किंवा वेल्स फार्गो अ‍ॅक्टिव्ह कॅश त्या जातीची आहेत, वार्षिक फी त्यांनाही नाही. तेवढ्याच खर्चावर ४८० डॉलर मिळतात, आणि ते क्रूझला वापरा, किराण्याला वापरा नाहीतर मुलीच्या फीला. क्रूझवर तिप्पट पॉइंट देणारं कार्ड धरलं तरी हिशोब ३२० वरच थांबतो.

क्रूझच्या कार्डाची गोम इथे आहे. दुप्पट पॉइंट वर्षातल्या एका आठवड्याच्या खर्चावर मिळतात आणि एकपट उरलेल्या एक्कावन्न आठवड्यांच्या. टेबलावरचा माणूस त्या एका आठवड्याबद्दल बोलतो.

वहिनींची बाजू अशी. नवीन कार्डावर ठराविक दिवसांत ठराविक खर्च केला की बोनस मिळतो. बोनस चांगला असेल, अट घरखर्चातूनच पुरी होत असेल आणि तुम्ही त्याच कंपनीने पुन्हा जाणार असाल, तर बोनसपुरतं कार्ड घ्यायला हरकत नाही. बोनस वसूल झाला की रोजचा खर्च पुन्हा दोन टक्क्यांच्या कार्डावर. पण चेस बँकेचं एखादं कार्ड घ्यायचं मनात असेल तर ते आधी घ्या. गेल्या २४ महिन्यांत कुठल्याही बँकेची पाच किंवा जास्त कार्डं उघडलेल्यांना चेस सहसा नवीन कार्ड देत नाही. त्या पाचांत क्रूझचं कार्डही मोजलं जातं.

खरं तर क्रूझचे उरलेले पैसे भरण्याची वेळ हीच बोनससाठी सगळ्यात सोयीची. निघण्याच्या सुमारे तीन महिने आधी तीन-चार हजार डॉलर एका फटक्यात भरायचे असतात. वर्षाला ९५ डॉलर फी असलेल्या चेस सॅफायर प्रिफर्ड किंवा कॅपिटल वन व्हेंचर यांसारख्या कार्डांची बोनससाठीची खर्चाची अट त्या एका बिलात बरीचशी पुरी होते. हे पॉइंट क्रूझलाच वापरण्याची सक्तीही नाही. चेसचे पॉइंट एअर कॅनडाच्या एरोप्लान या पॉइंट-योजनेत जसेच्या तसे वळवता येतात, आणि एरोप्लानच्या पॉइंटांवर एअर इंडियाचं तिकीट काढता येतं. ६०,००० पॉइंट रोखीत घेतले तर ६०० डॉलर होतात. आईबाबांच्या मुंबईच्या तिकिटाला लावले आणि तारखा जुळल्या तर त्याहून पुष्कळ जास्त काम करतात. क्रूझ रोख पैशांनी आणि विमान पॉइंटांनी, ही वाटणी मला सगळ्यात आवडते. फक्त आधी जागा शिल्लक आहे का ते पाहा आणि मगच पॉइंट वळवा. एकदा वळवलेले पॉइंट परत येत नाहीत.

एक राहिलंच. वर सांगितलेल्या दोन्ही दोन टक्केवाल्या कार्डांवर परदेशी व्यवहाराला ३ टक्के आकार पडतो. बोटीवरचं बिल डॉलरमध्ये होतं, पण मेक्सिकोतल्या कोझुमेलला उतरून खरेदी केलीत तर मिळालेले दोन टक्के जाऊन वर एक टक्का खिशातून जाईल. बंदरावर उतरताना कॅपिटल वनसारखं, हा आकार न लावणारं कार्ड जवळ ठेवा.

प्रश्न : एजंटकडून बुक केलं तर क्रूझवाले जादा पॉइंट मिळतात का?

उत्तर : पैसे कोणी कापले त्यावर ठरतं. प्रत्येक व्यापाऱ्याला कार्डांच्या व्यवस्थेत एक चार आकडी कोड असतो. क्रूझ कंपन्यांचा ४४११, प्रवासी एजंटांचा ४७२२. एजंटने तुमचा कार्ड नंबर थेट क्रूझ कंपनीला दिला तर स्टेटमेंटवर कंपनीचं नाव येतं आणि जादा पॉइंट मिळतात. त्याने स्वतःच्या यंत्रावर पैसे घेतले तर कंपनीच्या कार्डावर एकपटच. आगाऊ रक्कम भरल्यावर स्टेटमेंट पाहा, मोठी रक्कम भरण्याआधी उलगडा होईल. पण त्या जादा पॉइंटांपायी चांगला एजंट सोडू नका. ४,००० डॉलरवर एक जादा पॉइंट म्हणजे ४० डॉलर. कॉस्टको या दुकानसाखळीच्या कॉस्टको ट्रॅव्हलमधून घेतलेल्या बऱ्याच क्रूझवर प्रवासानंतर कॉस्टकोचं शॉप कार्ड, म्हणजे त्यांच्याच दुकानांत खर्चायचं कार्ड, मिळतं आणि जास्त फी भरणाऱ्या एक्झिक्युटिव्ह सभासदांना वर दोन टक्के. अशा ठिकाणी पॉइंटांचा विचार दुय्यम.

प्रश्न : मागच्या क्रूझचे ३,००० डॉलर अजून कार्डावर आहेत, दरमहा थोडे फेडते आहे. पुढच्या क्रूझसाठी पॉइंट साठावेत म्हणून सगळा खर्च त्याच कार्डावर चालू ठेवलाय. बरोबर करतेय ना?

उत्तर : नाही गं. हे आजच थांबव.

३,००० डॉलरच्या क्रूझवर तुला दुप्पट दराने ६,००० पॉइंट मिळाले, म्हणजे ६० डॉलर. कार्डाचं व्याज वर्षाला २४ टक्के धरलं तर ३,००० डॉलरवर एका महिन्याचं व्याज ६० डॉलर होतं. सगळे पॉइंट पहिल्याच महिन्यात गेले, आणि त्यानंतरचा प्रत्येक महिना घरातून चाललाय. शिवाय बाकी पूर्ण फेडलेली नसली की नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, दुधाच्या गॅलनवरसुद्धा त्याच दिवसापासून व्याज सुरू होतं. म्हणून आधी रोजचा खर्च त्या कार्डावरून काढ, डेबिट कार्डाने कर. आहेत ते पॉइंट स्टेटमेंटवर रोख जमा करून मिळत असतील तर दर थोडा कमी असला तरी मिळवून टाक आणि बाकी कमी कर. एरवी मी हा पर्याय कुणाला सुचवत नाही, तुझ्या बाबतीत तोच योग्य आहे. काही बँका दुसऱ्या कार्डावरची बाकी आपल्या कार्डावर हलवून ठराविक महिने बिनव्याजी ठेवू देतात, त्यासाठी बहुधा ३ ते ५ टक्के फी घेतात. तुझ्या आकड्यांत ९० ते १५० डॉलर. त्या मुदतीत फेडण्याची खात्री असेल तर ही फी परवडते. पुढच्या क्रूझचं बुकिंग बाकी शून्यावर आल्यावर.

प्रश्न : मी ७१ वर्षांची, ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा मेडिकेअर आहे. मुलगा म्हणतो, क्रूझचं भाडं गिफ्ट कार्ड आणि पॉइंट मिळून भर, कार्डाला हात लावू नकोस. तसं करू का?

उत्तर : मावशी, मुलाचा हेतू चांगला आहे, पण सगळंच तसं भरू नका. प्रवास रद्द झाल्यास भरपाई देणारा विमा काही क्रेडिट कार्डांबरोबर येतो, आणि तो त्या कार्डावर भरलेल्या रकमेशी बांधलेला असतो. कार्डावर काहीच भरलं नाही तर तो लागूच होत नाही. काही चुकीचं आकारलं गेलं तर स्टेटमेंट आल्यापासून ६० दिवसांत लेखी तक्रार करण्याचा कायदेशीर हक्कही क्रेडिट कार्डाच्या व्यवहाराला आहे, गिफ्ट कार्डाला नाही. क्रूझ रद्द केलीत तर गिफ्ट कार्डाचे पैसे बहुधा गिफ्ट कार्डावरच परत येतात. सवलतीत मिळालेलं गिफ्ट कार्ड असेल तर थोडी रक्कम त्यावर भरा. मोठा भाग विमा असलेल्या क्रेडिट कार्डावर जाऊ दे, आणि बिल आलं की पूर्ण फेडा. डेबिट कार्ड बोटीवरच्या खात्याला जोडू नका. रोजच्या खर्चाचा अंदाज धरून तुमच्या बँकेतले खरे पैसे अडकवून ठेवतात आणि ते सुटायला घरी आल्यावरही दिवस जातात.

तुमच्या पत्रात तुम्ही न विचारलेली गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. बोट अमेरिकेच्या बंदरापासून सहा तासांहून जास्त दूर असताना बोटीवर घेतलेल्या उपचारांचे पैसे मेडिकेअर देत नाही. बोटीवरचा दवाखाना खासगी दराने बिल लावतो, आणि समुद्रातून हेलिकॉप्टरने हलवावं लागलं तर खर्च हजारो डॉलरच्या घरात जातो. चेस सॅफायर प्रिफर्डसारखं कार्ड प्रवास रद्द झाल्याची भरपाई देतं, असं हलवण्याचा खर्च देत नाही. तेव्हा उपचार आणि असं हलवण्याचा खर्च दोन्ही धरणारी वेगळी पॉलिसी घ्या. तुमच्याकडे मेडिगॅपची, म्हणजे मेडिकेअरला जोड देणारी खासगी, पॉलिसी असेल तर तिच्यात परदेशातल्या तातडीच्या उपचारांची सोय आहे का, ते आधी मुलाला बघायला सांगा. जुने आजार धरून हवे असतील तर बऱ्याच कंपन्या पहिली रक्कम भरल्यापासून दोन-तीन आठवड्यांतच पॉलिसी घ्या म्हणतात. बुकिंग झालं असेल तर ती तारीख आजच मोजा.