घरात आधीपासून मांजर असताना कुत्र्याचं पिल्लू आणलं तर दोघं जुळवून घेतील का?

तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य नसतं तर मी लिहायला बसले नसते. चार वर्षांची मांजर, दोन महिन्यांचं पिल्लू, किती दिवस लागतील, हे सांगणारे इथे पुष्कळ आहेत. पण "घरचे म्हणतात, आधी मांजर कुणाला तरी देऊन टाक" हे वाचलं आणि माझं डोकं फिरलं. मांजर देऊ नका. बाकीचं सावकाश सांगते.

आमचं घर सांगलीत, गावभागात. ऑगस्ट २०१९ चा पूर. ज्यांना ठाऊक आहे त्यांना एवढं पुरे. कृष्णेचं पाणी चढत होतं आणि आमचे मोठे भाऊजी भिंतीवरच्या २००५ च्या खुणेकडे बोट दाखवून सांगत होते, "ह्याच्या वर येत नाही. मी इथे जन्मलोय." त्या हिशेबाने आम्ही फ्रिज टेबलावर चढवला, खुणेच्या वीतभर वर. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ वर. फ्रिज माजघरात उताणा तरंगत होता.

वरच्या मजल्यावर एक खोली आणि पुढे पत्र्याची शेड. तिथे सासूबाई, भाऊजी, हे, मी आणि आमची मांजर ठमी. ठमी तेव्हा सहा वर्षांची होती, सासूबाईंशिवाय कुणाच्या मांडीवर न बसणारी. त्यात शेजारचा मुलगा बोटीत बसता बसता एक ओलंचिंब पिल्लू माझ्या हातात कोंबून गेला. "काकू, एवढं धरा, उद्या नेतो." तो उद्या अजून उगवायचा आहे.

तुम्हाला कुणीही सांगेल की पहिले काही दिवस दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवा, एकाच्या अंथरुणातलं फडकं दुसऱ्याला हुंगायला द्या, मग दाराच्या फटीतून ओळख, मग पिल्लाला साखळी लावून समोरासमोर. बरोबर आहे, तसंच करा. आमच्याकडे खोली एक, माणसं चार आणि खाली पुरुषभर पाणी. ठमी पहिल्याच मिनिटाला कपाटावर चढली ती दोन दिवस उतरली नाही. मी दुधाची पावडर कालवून वाटी वर सरकवायचे, ती रात्री कधीतरी चाटायची. मांजर दोन-तीन दिवस काहीच खाईना तर ते तिच्या यकृतावर येतं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. तेव्हा नुसती भीती वाटली म्हणून वाटी सरकवत होते.

तिसऱ्या दिवशी पहाटे ती उतरली, शेडमध्ये गेली आणि आम्ही वर आणून ठेवलेल्या तुळशीच्या कुंडीत बसून आली. बिचारी जाणार तरी कुठे, माती तेवढीच होती. घर बुडालं तेव्हा सासूबाईंच्या डोळ्यांत टिपूस नव्हता, त्या दिवशी मात्र ढसाढसा रडल्या.

चौथ्या दिवशी बोट आली. ब्रह्मनाळ गावात पुरातल्या लोकांची बोट उलटल्याची बातमी तोवर सगळीकडे पोचली होती, त्यामुळे बोटवाले एक पिशवीसुद्धा जास्तीची घेईनात. त्यांचं काही चुकलं नाही. भाऊजी म्हणाले, "सोडा दोघांना शेडमध्ये. नाहीतरी एक दुसऱ्याला संपवणारच आहे." (पाळलेलं जनावर असं उपाशी टाकून जाणं हा प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड १० ते ५० रुपये, तेवढे त्यांनी सहज भरले असते.) सासूबाई आणि भाऊजी गेले. हे म्हणाले, मी थांबतो. मी म्हणाले, मग मीही.

तेव्हापासून प्रत्येक लग्नामुंजीत भाऊजी चारचौघांत सांगतात, "हिनं मांजरासाठी नवऱ्याला पुरात ठेवलं." तर एकदा लेखी असू दे. हे थांबले ते ट्रंकेतल्या घराच्या कागदांसाठी, आणि पिल्लू ह्यांच्या बनियनमध्ये झोपलं होतं म्हणून. मांजराचा काडीचा संबंध नव्हता. भाऊजी इथलं काही वाचत नाहीत, पण त्यांची सून वाचते.

पुढचे तीन दिवस आम्ही चौघंच. पिल्लाचं नाव ह्यांनी पुराप्पा ठेवलं, त्याचं पुढे अप्पा झालं (आता हाक मारली की समोरच्या घरातले अप्पाही ओ देतात). माणसं कमी झाल्यावर ठमी खाली येऊ लागली. अप्पा शेपूट हलवत तिच्या अंगावर जायचा, पंजे टेकून, ढुंगण वर करून, चल खेळू म्हणून. इथेच सगळी गोची आहे बघा. कुत्र्याने शेपूट हलवली म्हणजे बहुधा तो खूश, मांजराने सपासप हलवली म्हणजे ती चिडलेली. दोघांनी एकच खूण करायची आणि अर्थ उलटे घ्यायचे. आमच्या घरात दोन भावांमध्ये हेच चालतं, पण ते असो. ठमीने एक ठेवून दिली. नाकावर ओरखडा, रक्ताचा थेंब. मी पिल्लाला उचलायला धावले तर हे म्हणाले, "राहू दे, ओळख होतीय." डोळा वाचला हे नशीब. तुम्ही असं नशिबावर सोडू नका, पहिले काही आठवडे कुणीतरी समोर पाहिजेच.

खरा त्रास पूर ओसरल्यावर सुरू झाला. चिखल उपसला, भिंती धुतल्या, बादल्या बादल्या फिनेल ओतलं. सप्टेंबरात ठमी गाद्यांवर मुतायला लागली. सगळ्यांनी अप्पाला बोल लावला. मला आजही वाटतं की अप्पा निम्मासुद्धा जबाबदार नव्हता. मांजर घर वासाने ओळखते. चौकटीला, पलंगाच्या पायाला गाल घासते ते लाडात येऊन नव्हे, स्वतःचा वास लावून ठेवते. सहा वर्षांत लावलेला वास कृष्णेने नेला आणि उरलासुरला आम्ही फिनेलने घालवला. तिच्या लेखी ते घर परकं, वर त्यात एक परकं पोर. म्हणून सांगते, पिल्लू येणार म्हणून घर धुऊन-पुसून, रंग काढून चकचकीत करू नका. मांजराचं पांघरूण, टोपली, मळकं पोतं, जे असेल ते आहे तिथेच राहू द्या.

भाऊजी तोवर विश्रामबागेत राहायला गेले होते. ते एके दिवशी गिऱ्हाईकच घेऊन आले. ओळखीचा एक दूधवाला, गोठ्यात उंदीर झालेत, मांजर न्यायला तयार. आणि मी हो म्हणाले. रोज गाद्या धुऊन माझा जीव मेटाकुटीला आला होता. कापडी पिशवी काढली, ठमीला धरायला गेले, तर सासूबाई दारात उभ्या. म्हणाल्या, "पुरात सांभाळलीस आणि आता कोरड्यात टाकतेस?" मी पिशवी परत खुंटीला अडकवली. दूधवाल्याला चहा दिला. म्हणून तुमचं ते वाक्य मला टोचलं, आणि म्हणून घरच्यांना नावं ठेवायचा मला तसा अधिकार नाही.

कशाने फरक पडला ते सांगते. ठमीचं खाणं फ्रिजवर (नव्या) गेलं, कारण अप्पा तिचं फस्त करायचा. तिची मातीची घमेली जिन्याच्या वळणावर, फळी आडवी लावून, कारण अप्पा त्यातली घाणही खायचा. किळस करू नका, पुष्कळ कुत्री करतात. मांजराला अशी एक तरी जागा लागते जिथे कुत्रा चढूच शकत नाही. उलट कुत्र्याचं खाणं मात्र मांजराला रोज घालू नका, तिला लागणारं टॉरिन नावाचं पोषकद्रव्य त्यात पुरेसं नसतं, पुढे डोळे आणि हृदय जातं. आणि अप्पाला दमवायचं. तासभर नदीकाठी फिरवून आणलेलं पिल्लू मांजराच्या मागे लागत नाही, झोपतं. घरी ठेवून नुसतं "नो, नो" ओरडत बसणाऱ्यांनी कुत्रा पाळू नये असं माझं मत आहे.

एक चूक मात्र माझी, आणि ती तुम्ही करू नये. दिवाळीनंतर अप्पाला गोचीड झाले. मानेवर टाकायचं औषध आणलं, दुकानदार म्हणाला दोघांना चालतंय, मी ठमीलाही दोन थेंब टाकले. संध्याकाळी ती थरथरायला लागली, पाय टेकेनात. मिरजेच्या डॉक्टरांनी भांड्याच्या साबणाने तिला धुतलं, सलाईन लावलं, दोन रात्री ठेवून घेतलं. कुत्र्यांच्या गोचिडाच्या बऱ्याच औषधांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, ते मांजराला विष आहे. कुत्र्याला औषध लावल्यावर ते वाळेपर्यंत दोघांना एकत्र झोपूही देऊ नका. तापाची पॅरासिटामॉलची गोळी तर मांजराला कधीच नाही. दुकानदाराचा राग आला, पण पाकिटावरची बारीक अक्षरं वाचायला मला कुणी अडवलं होतं?

किती दिवस लागतील, हे विचारलंय तुम्ही. आम्हाला जवळजवळ वर्ष लागलं. पुढच्या जुलैत एका पावसाळी रात्री मी उठले तर दोघं एकाच पोत्यावर, पाठीला पाठ लावून. मैत्री म्हणाल तर आजही नाही. ती त्याच्याकडे बघत नाही, तो तिला विचारल्याशिवाय स्वयंपाकघरात येत नाही. तेवढं पुरतं. तुमचं पिल्लू दोन महिन्यांचं आहे म्हणजे वय चांगलं आहे. साधारण तीन-साडेतीन महिन्यांपर्यंत जे दिसेल ते त्यांना आपलं वाटतं, म्हणून तुम्हाला कदाचित लवकर जमेल.

हे सगळं पिल्लाबद्दल. मोठा कुत्रा, त्यातून मांजरं मारलेला, आणत असाल तर माझं वरचं सगळं विसरा, आणू नका. घरात पक्षी किंवा ससा असेल तरी नाही. दोघांच्या रेबीजच्या लसी वेळेवर, आणि कुणी कुणाला ओरबाडताना मध्ये हात घातला नि तुम्हाला लागलं तर साबणाने पंधरा मिनिटं धुऊन दवाखाना गाठा.

परवा भाऊजी यायचे आहेत. त्यांची नेहमीची वेताची खुर्ची हल्ली ठमीची आहे, म्हातारी झालीय, दुपारभर तिथेच असते, आणि अप्पा खाली पसरलेला. दुसरी खुर्ची काढून ठेवली आहे.