उपयोजित भाषाविज्ञानात पीएच.डी. करू पाहणाऱ्यास

विद्यापीठाच्या नावापेक्षा आधी प्रश्न निश्चित करा, कारण 'बहुभाषिकता आणि शिक्षण' हा विषय नव्हे, तो विषयांचा प्रदेश आहे. मेळघाटात घरी कोरकू बोलणारी मुले पहिलीत मराठी वाचायला शिकताना नेमकी कुठे अडतात, हा मात्र प्रश्न आहे. कोरकू ही मुंडा गटातील भाषा असल्यामुळे मराठीशी तिचे कौटुंबिक नाते नाही, आणि म्हणून ध्वनी, शब्दरचना व आकलन यांतील अडचणी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात. अशा कामासाठी त्या भाषेची कामचलाऊ ओळख, शाळेची परवानगी आणि पालकांची संमती प्रवेशाआधीच विचारात घ्यावी. मुलांच्या बोलण्याची ध्वनिमुद्रणे मिळवण्यापेक्षा ती ऐकून शब्दशः लिहून काढण्यात कितीतरी अधिक वेळ जातो, हे वेळापत्रक आखताना हमखास विसरले जाते.

हैदराबाद विद्यापीठात उपयोजित भाषाविज्ञान आणि अनुवाद अभ्यासाचे स्वतंत्र केंद्र आहे, तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञानाची जुनी परंपरा आहे. तरीही मार्गदर्शकाचे अलीकडचे लेखन वाचल्याशिवाय अर्ज करू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2022च्या नियमांनुसार पीएच.डी.चा किमान कालावधी तीन वर्षांचा व कमाल सहा वर्षांचा असून त्यात अभ्यासक्रमही (कोर्सवर्क) धरला जातो. शिष्यवृत्ती नसेल, तर चौथ्या वर्षाचा खर्च कसा भागणार, याचा हिशेब घरच्यांसमोर आजच मांडा. संख्याशास्त्राची भीती वाटत असल्यास ते पहिल्याच सत्रात शिकून घ्यावे; परीक्षक बहुधा तिथेच बोट ठेवतात.