गोव्याच्या उकाड्यात सवाना मॉनिटरला दिवा हवा का?

प्रश्न : माझ्या मावसभावाने बाहेरगावाहून विकत आणलेली सवाना मॉनिटर जातीची आफ्रिकी घोरपड, तो नोकरीनिमित्त परदेशी गेल्यामुळे, आमच्याकडे आली आहे. शेपटीसह तिची लांबी दीड फूट आहे. सध्या तिला चार फुटी काचेच्या मत्स्यपेटीत, काथ्याच्या भुशावर ठेवले आहे. गोव्यात बारा महिने उकाडा असताना तिला उष्णतेचा दिवा लावण्याची खरोखर गरज आहे का? आणि ती मोठी झाल्यावर केवढा पिंजरा लागेल?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : पिंजऱ्याच्या आधी कागदपत्रे पाहावीत. सवाना मॉनिटर ही जात वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय ‘साइट्स’ कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहे आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी बंधनकारक झाली आहे. ही नोंद केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावरून मुख्य वन्यजीव रक्षकांकडे करावी लागते. प्राणी एका घरातून दुसऱ्या घरी गेला, तर तेही कळवावे लागते. आपल्या मावसभावाने मुळात नोंदणी केली होती का, हे त्यांना आजच विचारावे.

आता दिव्याविषयी. आपला तर्क स्वाभाविक आहे, पण हवेचा उकाडा आणि ऊन खाण्याची जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फोंड्यात मे महिन्यातही सावलीतली हवा ३३-३४ अंशांच्या आसपास असते. या प्राण्याला मात्र पचन आणि रोगप्रतिकार नीट चालण्यासाठी शरीराचे तापमान साधारण ३५ ते ३८ अंशांपर्यंत न्यावे लागते, आणि ते त्याला झटपट साधता यावे म्हणून दिव्याखालच्या दगडाचा पृष्ठभाग ५० अंशांच्या वर तापलेला असावा लागतो. पिंजऱ्याचे दुसरे टोक त्याच वेळी २६ ते २८ अंशांवर राहिले पाहिजे, कारण तापल्यावर बाजूला होता आले नाही तर तो प्राणी काही तासांत दगावू शकतो. म्हणून दिवा हवाच. एका मोठ्या दिव्याऐवजी दोन-तीन साधे हॅलोजन दिवे शेजारी शेजारी लावावेत, म्हणजे पाठीचा एकच ठिपका न भाजता डोक्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत सारखी ऊब मिळेल. दिव्यांना जाळीचे संरक्षण असावे. विजेवर तापणारे कृत्रिम दगड दुकानदार आग्रहाने विकतात. ते घेऊ नयेत, त्यांनी पोट भाजते. याशिवाय यूव्हीबी (अतिनील) किरणांची दिव्याची नळी लागते, आणि काचेतून हे किरण आत येत नसल्याने खिडकीजवळची मत्स्यपेटी हा तिला पर्याय नव्हे. उलट थेट उन्हात ठेवलेली काचेची पेटी म्हणजे भट्टीच.

आकाराचे म्हणाल, तर ही जात तीन ते चार फुटांपर्यंत वाढते आणि नीट खाऊ घातल्यास वर्ष-दीड वर्षातच मत्स्यपेटी तिला पुरेनाशी होते. मोठ्या प्राण्याला किमान आठ फूट लांब, चार फूट रुंद आणि चार फूट उंच जागा हवी. बहुतेक हौशी लोक येथवर मोजमाप करतात आणि माती विसरतात. माझ्या मते मात्र पिंजऱ्याची खरी परीक्षा मातीच्या खोलीवर होते. हा बिळात राहणारा प्राणी आहे. त्याला दोन फूट खोल, बीळ टिकून राहील अशी ओलसर माती लागते. काथ्याचा भुसा कोसळतो, त्यात बीळ होत नाही. आपल्याकडची तांबडी माती खडे चाळून, थोडी वाळू मिसळून वापरावी. खते किंवा फवारे पडलेली बागेतली माती मात्र घेऊ नये. ओलसर मातीची मूठ दाबल्यावर गोळा राहिला आणि पाणी गळले नाही, की मिश्रण योग्य आहे. बिळातल्या दमट हवेमुळे शरीरातले पाणी टिकते; कोरड्या पेटीत वाढलेल्या मॉनिटरांना मूत्रपिंडाचे विकार आणि संधिवात जडतो.

एवढ्या मातीचे वजन अडीच टनांच्या आसपास भरते. त्यामुळे फ्लॅटच्या वरच्या मजल्यावर हा बेत करू नये. आपले घर बैठे असेल, तर तळमजल्यावर चिऱ्यांचा दोन-अडीच फुटी हौद बांधून आतून गिलावा करावा आणि त्यावर मरीन प्लायचा, पुढून सरकत्या काचांचा भाग बसवावा. साधा प्लाय आपल्या पावसाळ्यात फुगतो आणि बुरशी धरतो. काचांना कुलूप हवे, कारण हा प्राणी काच नाकाने ढकलून सरकवतो.

वीज गेल्यास घाबरू नये. येथील रात्री त्याला मानवतात, रात्री लावायच्या रंगीत दिव्यांची गरज नसते. पण चतुर्थीच्या सुमारास वीज दिवसभर नसेल, तर ऊब परत येईपर्यंत खाणे देऊ नये, कारण थंड शरीरात ते पचत नाही. खाण्यात मुख्यतः किडे आणि गोगलगाई असाव्यात. उंदरांवर पोसलेले सवाना मॉनिटर लठ्ठ होऊन लवकर मरतात. अंग बुडेल एवढे पाण्याचे भांडे ठेवावे, ते रोज धुवावे आणि प्राण्याला हाताळल्यावर हात साबणाने स्वच्छ करावेत.

प्रश्न : आमच्या कुळागरात (सुपारीच्या बागेत) घोरपडीचे पिल्लू सापडले. मुलगा ते पाळू म्हणतो. वरील प्रकारचा पिंजरा केल्यास चालेल का?
— एक वाचक, वाळपई

उत्तर : नाही. आपल्याकडची घोरपड वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या अनुसूची १ मध्ये आहे. तिला पकडून ठेवणे हा गुन्हा असून त्याला किमान तीन वर्षांचा कारावास आणि किमान २५,००० रुपये दंड आहे. घुमट या वाद्याला तिचे कातडे लावण्याची जुनी रीतही या कायद्यामुळेच सोडावी लागली आणि आता बकऱ्याचे कातडे वापरतात. २०१९ मध्ये राज्याने वारसा वाद्य म्हणून गौरवलेल्या घुमटाचा नाद त्याने थांबलेला नाही. पिल्लू धडधाकट असेल तर जेथे सापडले तेथेच सोडावे, जखमी असेल तर वन खात्याला कळवावे. घोरपड कोंबड्यांची अंडी नेते म्हणून ती धरली असेल, तर खुराड्याच्या तळाशी बारीक जाळी ठोकावी आणि संध्याकाळी अंडी उचलून ठेवावीत.