हेराच्या मनगटावर कोणतं घड्याळ?

प्रश्न : मी कादंबरी लिहितोय. नायक आरोंद्याचा, भारताचा हेर. १९६१ साली, गोवा मुक्तीच्या आधीच्या महिन्यांत, तो तेरेखोलची खाडी ओलांडून पोर्तुगीज हद्दीत जातो-येतो. त्याचे आजोबा पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीत होते. त्याला जेम्स बॉण्डसारखं रोलेक्स सबमरिनर द्यावं की आपलं एचएमटी?
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : दोन्ही नकोत.

एचएमटीचा घड्याळ कारखाना बंगळुरूला सिटिझन या जपानी कंपनीच्या मदतीनं उभा राहिला तो १९६१ मध्येच. त्याच वर्षी ते आरोंद्याच्या मुलाच्या हातात दिसलं, तर जाणता वाचक तिथेच अडेल. सबमरिनर बॉण्डला शोभतं, कारण तो ब्रिटिश नौदलातला कमांडर. पाण्यात बुडी मारणाऱ्यांसाठी केलेलं घड्याळ त्याच्या घराण्यातलंच म्हणायचं. तुमचा नायक पलटणीतल्या शिपायाचा नातू आहे. त्याचं घड्याळ घरातच, आजोबांच्या ट्रंकेत आहे.

वेस्ट एंड वॉच कंपनीचं 'सोवार' द्या. सोवार म्हणजे आपला घोडेस्वार. स्विस बनावटीची ही घड्याळं मुंबईहून विकली जात आणि पहिल्या महायुद्धातल्या मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, मोहिमेत शिपायांच्या मनगटांवर होती. त्या मोहिमेत मराठा पलटणीही होत्या. तिथल्या कूत शहराला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात १०३ आणि ११० क्रमांकाच्या मराठा पलटणी अडकल्या होत्या. आजोबा तिथून परतले असतील, तर घड्याळाच्या ओरखड्यांनाही कथा मिळते. शिवाय खाडीकाठच्या माणसाच्या हातात जुनं, घासलेलं घड्याळ कुणी दुसऱ्यांदा बघत नाही. हेराला तेच हवं.

गेली तीस वर्षं मी मालवणात घड्याळं दुरुस्त करतोय, म्हणून थोडं यंत्राबद्दल. ते चावीचं घड्याळ आहे. एकदा चावी दिली की दीड दिवस जेमतेम चालेल. माझे आजोबा सांगायचे, "चावी रोज एकाच टायमाक दी." नायकालाही ती सवय लावा. काट्यांवर रेडियम असेल तरी इतक्या वर्षांत त्याची चमक विझलेली असेल, पण होडीत बसताना काच चांदण्यात चमकू नये म्हणून तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला वळवून घालू द्या. चामड्याचा पट्टा मात्र काढा. आपल्या पावसाळ्यात त्यावर आठवड्यात बुरशी धरते. खाकी कॅनव्हासचा पट्टा चालेल. आणि ते घड्याळ पाण्यात बुडवू नका! खाऱ्या पाण्याचा एक थेंब आत गेला, तर आतली केसासारखी स्प्रिंग गंजते. अशी कितीतरी घड्याळं मी हळहळत उघडली आहेत. त्या काळच्या घड्याळाला धक्का सोसायची सोयही नसते. खडकावर मनगट आपटलं की बॅलन्सच्या, म्हणजे आत मागेपुढे फिरणाऱ्या चाकाच्या, दांडीचं टोक मोडून ते जागीच थांबतं.

एक बारकावा तुम्हाला खास देतो. तुमचा नायक बिनतारी संदेश ऐकत असेल, तर हेडफोनमध्ये लोहचुंबक असतो. घड्याळ रोज त्याच्याजवळ ठेवलं, तर स्प्रिंगच्या वेटोळ्यांत चुंबकत्व येतं, ती एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ भरधाव पुढे पळतं. मग एके रात्री नायक ठरल्या वेळी म्हणून खाडीपलीकडच्या, गोव्यातल्या केरीच्या किनाऱ्यावर येईल आणि होडीचा पत्ता नसेल.

हे प्रकरण लिहून झालं की मला वाचायला पाठवा.