फॉइल आणि जाळी एकत्र केली तर पेटंटच्या दृष्टीनं ते 'ऑब्व्हियस' ठरतं का?

तुम्ही विचारलंय की केबलच्या शिल्डिंगसाठी (विद्युत-चुंबकीय गोंधळ अडवणारं आवरण) फॉइल एका जुन्या पेटंटात आहे, तांब्याची जाळी दुसऱ्यात. एकाच केबलमध्ये दोन्ही घातली तर अमेरिकेत पेटंट मिळेल, की ते 'ऑब्व्हियस', म्हणजे जाणकाराला सहज सुचणारं, म्हणून नाकारलं जाईल? नुसती घातली असतील तर विसरा. वरच्या फ्रिक्वेन्सीला फॉइल, खालच्या फ्रिक्वेन्सीला जाळी, हे केबलवाल्यांना कधीपासून ठाऊक आहे. दोन्ही आपापलं नेहमीचंच काम करत असतील, तर अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या 2007 च्या केएसआर निकालानंतर असा क्लेम (पेटंटमधला हक्काचा दावा) टिकणं अवघड.

पण 'हे तर कोणालाही सुचलं असतं' या वाक्याची मला चीड आहे. आम्ही रोबोटच्या हातासाठी सतत वाकणारी केबल करत होतो. वाकवण्याच्या चाचणीनंतर केबल सोलली की फॉइलवर जाळीच्या तारांचे तिरके ठसे दिसायचे आणि नेमकं त्याच रेषांवर अॅल्युमिनियम तडकलेलं असायचं. फॉइल म्हणजे पॉलिएस्टरच्या पट्टीवर अॅल्युमिनियमचा थर. मी म्हटलं, ती उलटी गुंडाळू. अॅल्युमिनियम आत, ड्रेन वायरला (फॉइलला अर्थिंग देणारी उघडी तार) टेकलेलं. पॉलिएस्टर बाहेर, म्हणजे जाळी त्यावरून घसरेल. दोन्ही थर फक्त टोकांना जोडू. आमचे वरिष्ठ म्हणाले, "जाळी आणि फॉइल लांबीभर टेकलीच पाहिजेत, नाहीतर शिल्डिंग गेलं." नमुना करायलाही परवानगी मिळेना. शेवटी केला. ट्रान्सफर इम्पिडन्स (तो जितका कमी, तितकं शिल्डिंग चांगलं) सुरुवातीला थोडा जास्त आला, पण चाचणीनंतरही जवळपास तेवढाच राहिला. जुन्या रचनेत तो चढतच जायचा.

मग पेटंटच्या बैठकीत तेच वरिष्ठ म्हणाले, "यात काय विशेष? फॉइल उलटी केली, एवढंच." अर्ज गेलाच नाही.

उत्तर कळल्यावर सगळंच सोपं दिसतं. प्रश्न असतो अर्जाच्या तारखेपूर्वी त्या क्षेत्रातल्या साधारण जाणकाराला ते सुचलं असतं का, हा. 1966 मध्ये 'ऑब्व्हियस' ठरवण्याची कसोटी घालून देणाऱ्या ग्रॅहम खटल्याबरोबरच अॅडम्सच्या बॅटरीचा निकाल लागला. ती चालेल यावर सरकारी तज्ज्ञांचाच आधी विश्वास नव्हता, आणि न्यायालयानं पेटंट वैध ठरवलं. म्हणून 'चालणार नाही' असं कोणी म्हणालं की ते तारखेसकट लिहून ठेवा. चाचण्यांचे फसलेले अहवालही फेकू नका. पेटंट कार्यालयाच्या एक्झामिनरनं दोन जुने कागद (पेटंट किंवा लेख) जोडले, तर ते जोडायचं कारण काय, हे त्यालाच दाखवावं लागतं.

अर्थात, बैठकीतल्या शेऱ्यापेक्षा छापील साहित्य काय सांगतं याला वजन जास्त. अॅल्युमिनियम आत ठेवणंही मुळात नवं नव्हतं; आमचा क्लेम वाकणाऱ्या केबलपुरता, अरुंदच झाला असता. फॉइलला बाजू दोनच, मग दुसरी करून बघणं साहजिक होतं, असंही एक्झामिनर म्हणू शकला असता. पण त्यातली एक बाजू चालत नाही, असंच तर आम्हाला शिकवलं जात होतं. तो अर्ज जायला हवा होता.