थ्रिलरला तंतुवाद्यांचे पार्श्वसंगीत देताना 'सायको'चा प्रभाव टाळावा का?

आपण एका थ्रिलर लघुपटासाठी तंतुवाद्यांचे पार्श्वसंगीत करीत आहात, त्यात बर्नार्ड हर्मन यांनी 'सायको' या चित्रपटाला दिलेल्या संगीताची छाया उतरते आहे आणि ती पुसावी की राहू द्यावी, असे आपण विचारले आहे. मी व्हायोलिन वाजवतो आणि थोडेफार पार्श्वसंगीतही करतो. नेमक्या याच मुद्द्यावर एका दिग्दर्शकाशी माझे काम तुटले. पार्श्वसंगीत म्हणजे सगळी उचलेगिरीच असते, असे ते गृहस्थ आजही चारचौघांत सांगतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

छाया येणारच, आणि तिचे भय बाळगू नये. हर्मन यांच्यावरही ती होती. 'व्हर्टिगो'च्या (१९५८) प्रेमप्रसंगांत जर्मन संगीतकार वाग्नर यांचा 'ट्रिस्टान' हा ऑपेरा स्पष्ट ऐकू येतो, आणि 'सायको'साठी (१९६०) तर त्यांनी १९३६ मध्ये केवळ तंतुवाद्यांसाठी लिहिलेल्या आपल्याच 'सिन्फोनिएटा'तील सामग्री पुन्हा वापरली. प्रश्न आहे तो काय घेतले याचा. चित्रपट कृष्णधवल होता, म्हणून हर्मन यांनी ऑर्केस्ट्रातील पितळी व लाकडी फुंकवाद्ये आणि तालवाद्ये वगळून नादही कृष्णधवल केला. व्हायोलिन, व्हायोला, चेलो आणि डबल बास एवढेच ठेवले. शिवाय सगळीकडे तारांखालच्या घोडीवर म्यूट, म्हणजे नाद दबका करणारी चिमटी, चढवलेला आहे. स्नानगृहातील खुनाच्या वेळी तो उतरतो, आणि पाऊण तास दाबून धरलेल्या तारा एकदम उघड्या होतात. अंगावर काटा येतो तो या फरकामुळे. त्या प्रसंगात 'सायको'चे दिग्दर्शक हिचकॉक यांना संगीतच नको होते. हर्मन यांनी तरीही ते लिहिले, आणि ऐकल्यावर हिचकॉक यांनी मत बदलले. नक्कल करणारे हा पाऊण तास सोडून देतात आणि खुनाच्या प्रसंगातले व्हायोलिनचे नुसते ओरखडे उचलतात.

माझ्या वाट्याला आलेला प्रसंग असा होता. कोकणातील जुन्या वाड्यात एक स्त्री कंदील घेऊन माळ्याची शिडी चढते आणि वर कोणीतरी आहे हे प्रेक्षकांना ठाऊक असते. माझ्याकडे चित्रफीत आली तेव्हा तिच्यावर तात्पुरते संगीत, म्हणजे टेम्प ट्रॅक म्हणून 'सायको'चे तेच तुकडे लावलेले होते आणि संकलकाने प्रत्येक कट व्हायोलिनच्या ओरखड्यावर टाकला होता. तिचा पाय पायरीवर, कट, कंदील हलतो, कट, चेहरा, कट. असे संकलन झाले की त्यावर दुसरे कोणतेही संगीत बसत नाही, कारण चित्राची लय त्या परक्या संगीताने आधीच ठरवून टाकलेली असते. मी दोन चेलो आणि एक व्हायोला, तिन्ही म्यूटसह, एकच लांबवलेला स्वरसमूह धरून वाजवून दाखवले आणि शिडीचे काही कट काढून तिला सलग चढू द्यावे अशी विनंती केली. दिग्दर्शक म्हणाले, "दोन सूर इकडचे तिकडे करा, कोणाला कळतंय?" मी नकार दिला. मग दुसऱ्या कोणाकडून संगणकातील तयार नादांचे ओरखडे लावून घेण्यात आले. चित्रपटगृहात नेमक्या त्या ठिकाणी लोक हसले. मला त्याचा आनंद झाला नाही, कारण ती अभिनेत्री त्या प्रसंगात उत्तम होती आणि हसू तिच्या वाट्याला आले.

घ्यायचेच असेल तर उघडपणे घ्यावे. 'केप फिअर' १९९१ मध्ये नव्याने आला तेव्हा एल्मर बर्नस्टीन यांनी १९६२ च्या मूळ चित्रपटासाठी हर्मन यांनी लिहिलेले संगीतच नव्याने बांधले, आणि श्रेयनामावलीत हर्मन यांचे नाव दिले. स्वतः हर्मन मात्र 'सायको' गिरवत बसले नाहीत. 'टॉर्न कर्टन'साठी (१९६६) त्यांनी १२ बासऱ्या, १६ हॉर्न आणि ९ ट्रॉम्बोन असा अजब ताफा उभा केला. हिचकॉक यांना वेगळे, लोकप्रिय धाटणीचे काही हवे होते, त्यांनी ते संगीत नाकारले आणि दोघांची जोडी तिथेच संपली. सांगितले तसे लोकप्रिय धाटणीचे लिहिण्यापेक्षा काम गमावणे पत्करणाऱ्या माणसाच्या नावावर उचलेगिरीचे समर्थन व्हावे, हे मला सहन होत नाही.

तेव्हा दिग्दर्शकाला सांगून संकलन संगीताविना करून घ्या. टेम्प ट्रॅक लावायचाच असेल तर कट ठरल्यानंतर लावू द्या. वाद्ये कमी करण्याचे कारण आपल्या चित्रपटातच शोधा. आणि हर्मन यांचा 'सायको'तला तो प्रसिद्ध चार स्वरांचा समूह वापरायला मुळीच लाजू नका, तो कोणाच्या मालकीचा नाही. त्यातले सा, कोमल ग, प आणि शुद्ध नी हे चारही स्वर पटदीप रागात आहेत, तिथे ते कोणाला घाबरवत नाहीत. तेच चार एकाच वेळी वाजले आणि तो नी षड्जावर न जाता तसाच लोंबकळत राहिला, की अस्वस्थता सुरू होते. किती वेळ लोंबकळत ठेवायचा, ते आपले चित्रच सांगेल.

एक गोष्ट सांगायची राहिली. वादक परवडत नसतील तर संगणकातील नाद वापरण्यात काहीही कमीपणा नाही. माझा राग त्या साधनावर नाही. मात्र मूळ ध्वनिमुद्रणाचा तुकडा लावण्याचा विचार असेल, तर रचनेचा हक्क वेगळा आणि ध्वनिमुद्रणाचा वेगळा, दोन्हींची परवानगी लागते. हर्मन १९७५ च्या डिसेंबरात वारले, आणि आपल्याकडे संगीतरचनेवरील स्वामित्वहक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो.