आलेला क्रम मोडू नकोस

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. अमेरिकेत स्थायिक झालेल्या एका मराठी कुटुंबाने तुमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाला दिलेली खोकी तुझ्याकडे सोपवली आहेत. पत्रे एकीकडे, छायाचित्रे दुसरीकडे आणि पावत्या-बिले सरळ रद्दीत, असे तुझे वरिष्ठ सांगतात. त्यात काहीतरी हातचे जाईल असे तुला वाटते, पण नेमके काय जाईल हे त्यांना पटवून देता येत नाही.

माझे म्हणणे एकच आहे : कागद ज्या क्रमाने आले, तो क्रम मोडू नकोस. हा माझा लहरी हट्ट नाही. एका कुटुंबाचे किंवा संस्थेचे कागद दुसऱ्यांच्या कागदांत मिसळू नयेत, असा आदेश फ्रान्सच्या गृहमंत्रालयाने १८४१ साली काढला, आणि मूळ रचना जपावी हे तीन डच अभिलेखपालांनी १८९८ साली नियम म्हणून मांडले. पुण्याच्या पेशवे दप्तरातले कागद रुमालांत बांधलेले असतात आणि अभ्यासक रुमालाचा क्रमांक देतो, कारण शेजारी कोणता कागद होता यालाही अर्थ असतो.

मी हाताळलेल्या एका संग्रहात रबरबँड लावलेला गठ्ठा होता. रबर विरघळून वरच्या कागदाला चिकटले होते. सर्वांत वर निळे हवाईपत्र होते; मजकूर पानभर संपल्यावर वडिलांच्या शस्त्रक्रियेची बातमी घडीच्या कडेने, उभ्या ओळींत, कशीबशी बसवलेली होती. त्याखाली पंधरवड्यानंतरच्या बँक ड्राफ्टची स्थळप्रत, आणि तिच्याखाली मुंबईचे विमानाचे तिकीट. त्या काळी प्रत्येक टप्प्याचे कूपन प्रवासाच्या वेळी फाडून घेत असत. या तिकिटाची सगळी कूपने जागच्या जागी होती. मुलाने पैसे पाठवले, तिकीटही काढले, पण त्या तिकिटावर तो गेला नाही. तुझ्या वरिष्ठांच्या पद्धतीने हे हवाईपत्र पत्रव्यवहारात गेले असते, तिकीट किरकोळ कागदांत आणि स्थळप्रत केराच्या टोपलीत. कागद दोन उरले असते, पण त्यांतला माणूस कोणालाच दिसला नसता.

पावत्या टाकून द्यायला सांगणाऱ्यांचा मला आजही राग येतो. अमेरिकेच्या १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर भारतातून आलेल्या त्या पिढीतले कित्येकजण परकीय चलनाच्या निर्बंधांमुळे खिशात आठ डॉलर घेऊन उतरले. त्यांनी पहिल्या वर्षी भाडे किती भरले, घरी किती पाठवले, मंडळाच्या गणेशोत्सवाला वर्गणी किती दिली, हे पत्रांत सापडत नाही. पत्रांत सगळे ‘खुशाल’ असते. खरे पावत्यांत सापडते. त्याच १९६५ साली मिनेसोटा विद्यापीठात स्थलांतरितांच्या इतिहासाचे संशोधन केंद्र सुरू झाले आणि दक्षिण व पूर्व युरोपातून आलेल्या सामान्य माणसांचे कागद तिथे जमवले जाऊ लागले. तेव्हाही अशा कागदांना कोणी मोलाचे मानत नव्हते.

क्रम मोडू नकोस म्हणजे कागदाला हात लावू नकोस, असे नव्हे. रबरबँड काढ, गंजलेल्या टाचण्या काढ, गठ्ठ्याला आम्लरहित कागदाची पट्टी गुंडाळ आणि त्यावर पेन्सिलीने क्रमांक घाल. रंगीत छायाचित्रे फिकी पडतात आणि जुन्या निगेटिव्हना व्हिनेगरसारखा वास येऊ लागतो, म्हणून ती थंड जागी हलवावी लागतील. हलव, पण त्या जागी ती कुठे गेली हे सांगणारी चिठ्ठी ठेव. मी नोकरीला लागण्यापूर्वी एका संग्रहातली सगळी छायाचित्रे अशी चिठ्ठी न ठेवता काढून घेतली गेली होती. ती जुळवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली आणि काम पुरे झाले नाही. ज्यांना ते चेहरे ओळखता आले असते, ती माणसे तोवर राहिली नव्हती. ही खंत माझ्या मनातून जात नाही.

मला संथ म्हणत, खोकी तुंबवून ठेवणारी म्हणत, आणि विभागप्रमुखपद दुसऱ्याला दिले गेले तेव्हा हेच कारण पुढे केले गेले. २००५ मध्ये ग्रीन आणि माइस्नर या अमेरिकन अभिलेखपालांनी संग्रह झटपट लावून वाचकांना खुले करण्याचा आग्रह धरला, तेव्हा त्यांचा लेख माझ्यासमोर नाचवला गेला. वास्तविक एकेका कागदाशी खेळत बसू नका, हेच ते सांगत होते. विषयवार फोडाफोड करण्यात जो वेळ जातो, तो क्रम राखला तर आपोआप वाचतो. मी तेव्हा बरोबर होते आणि आजही तसूभर मागे सरणार नाही.

आणखी एक. या खोक्यांत भारतातून आलेली पत्रे असतील, इथून गेलेली नसतील. ती तिकडे कोणाच्या तरी माळ्यावर पडली असतील. कुटुंबाला आत्ताच विचार, निदान प्रती मिळव, आणि त्या या गठ्ठ्यांत न मिसळता वेगळ्या नोंदव. पत्राच्या मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा असतो, पत्र ज्याच्या हाती आहे त्याचा नव्हे, म्हणून दानपत्रावर सही घेताना कोणाची संमती अजून बाकी आहे हे लिहून ठेव.

सोमवारी काहीही बाहेर काढण्याआधी प्रत्येक खोक्याचे वरून छायाचित्र घे, मग एकेक थर उचलताना पुन्हा घे. पहिल्या खोक्याची यादी मला पाठव. मराठी कागदांची नावे देवनागरीतही लिही. वरिष्ठांना हे पत्र दाखवायचे असेल तर खुशाल दाखव, आणि पावत्यांबद्दल त्यांना काही विचारायचे असेल तर माझ्याशी बोलू दे.

तुझी हितचिंतक